अर्ध्या वॉटची वॉकीटॉकी पुरते का?

पेंटबॉल असो की रानातला खजिनाशोध, खेळाडू झाडोऱ्यात पांगले की वॉकीटॉकीची आठवण होते. मग कुणीतरी ऑनलाइन ‘५ वॉट, १० किलोमीटर’ असं वाचतो आणि तोच सेट मागवतो. खोक्यावरचा पल्ला साफ खोटा असतो असं नाही, पण तो एका डोंगरमाथ्यावरून समोरच्या माथ्याशी बोलतानाचा असतो. आपला संघ दरीत करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसलेला असतो.

भारतात खेळासाठी सोयीचे सेट ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे लहरीची लांबी साधारण ६७ सेंटिमीटर. अशा लहरी जवळपास सरळ रेषेतच जातात. टेकडीला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही आणि ओली पानं त्यांची ऊर्जा शोषून घेतात. पावसाळ्यात सह्याद्रीत खेळणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

मग शक्ती वाढवली तर? इथे गणित निराशा करतं. अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेलं की शक्ती दहापट होते. मोकळ्या अवकाशात तेवढ्याने पल्ला तिपटीहून थोडा जास्त वाढला असता. जमिनीलगत मात्र सरळ आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात, त्यामुळे लांबवर संदेशाची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. दहापट शक्तीचा पल्ला जेमतेम १.८ पट! त्याऐवजी एका गड्याला दीड मीटरऐवजी सहा मीटर उंचीचा टेकाडावरचा मोका दिला, तर याच हिशेबाने पल्ला दुप्पट होतो. तेही फुकटात.

कायद्याचीही गोष्ट याच अर्ध्या वॉटापाशी येते. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट वापरायला परवाना लागत नाही. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए ही मान्यता मात्र हवी. विक्रेत्याकडे तिचं प्रमाणपत्र मागा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा. कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येणारे पाच वॉटचे स्वस्त हँडसेट या सवलतीत बसत नाहीत. अमेरिकेतल्या मावशीने प्रेमाने पाठवलेली जोडीही बसत नाही: तिकडचे परवानामुक्त एफआरएस सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि तिकडची मोकळीक इकडे लागू होत नाही.

‘प्रायव्हसी कोड’ या नावाला भुलू नका. तुमच्या आवाजासोबत एक मंद सूर जातो, साधारण ६७ ते २५० हर्ट्झमधला. तो सूर नसलेलं बोलणं तुमचा सेट तुम्हाला ऐकवत नाही, एवढंच. प्रतिस्पर्ध्याने कोड बंद ठेवून तोच चॅनल लावला की तुमचा सगळा गनिमी कावा त्याच्या कानात. म्हणून ओढा, वड, पडकी भिंत यांना आपापसांत खोटी नावं ठरवून ठेवावीत.

आवाजाने आपोआप चालू होणारी सोय धावपळीच्या खेळात बंदच ठेवा, नाहीतर धापा आणि वारा चॅनल अडवून बसतात. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोला. घाई केली की ‘मागे फिरू नका’मधला पहिलाच शब्द कापला जातो.