दोन याद्यांची गोष्ट: राजकीय देणग्यांची पार्श्वभूमी

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरलं की शहराच्या बोलीतले आकडे बदलतात. लाखाला पेटी, कोटीला खोका. शब्द मुंबईच्या दोन नंबरच्या धंद्यातले, पण २०२२ साली शिवसेना फुटली आणि ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात ती नागपुरातही घुमली. फुटण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप ज्या आमदारांवर होता त्यांनी तो फेटाळला. सीताबर्डीच्या चहाटपऱ्यांवर मात्र खोका म्हणजे किती, हे कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. चर्चा होती ती खोके निघाले कोणाच्या घरून याची.

आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान. टेकडीच्या गणपतीसमोरच्या दानपेटीत कोणी किती टाकलं ते पुजाऱ्याला कळत नाही आणि देणाऱ्यालाही ते कळवायचं नसतं. राजकारणातलं गुप्तदान नेमकं उलटं असतं. घेणाऱ्याला देणारा पक्का ठाऊक असतो, अंधारात राहतो तो मतदार. हा उलटा प्रकार रुजायला पन्नासएक वर्षं लागली.

सुरुवात तशी नव्हती. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात झालं. काँग्रेसनगर हे नाव त्याचीच आठवण. त्या अधिवेशनात पक्षाची नवी घटना मंजूर झाली आणि चार आणे भरून कोणालाही सभासद होता येऊ लागलं. स्वागत समितीचे अध्यक्ष होते वर्ध्याचे कापूस व्यापारी जमनालाल बजाज. पुढे ते १९४२ साली मृत्यू येईपर्यंत पक्षाचे कोषाध्यक्ष राहिले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटीचं लक्ष्य ठरलं आणि ३० जूनच्या मुदतीत ते गाठलंही. वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठी जमनालालजींनी एक लाख रुपये दिले, ते अख्ख्या देशाला ठाऊक होते. पक्ष शेठजींच्या पैशावर चालतो, ही टीका तेव्हाही होतीच. पण टीका करता येत होती, कारण शेठजी कोण ते दिसत होतं. नेत्याला भर सभेत थैली अर्पण करायची आणि आकडा माईकवरून सांगायचा, ही महाराष्ट्रातली जुनी रीत त्याच काळातली. थैलीत किती आणि कोणाचे, दोन्ही गोष्टी व्यासपीठावरच कळायच्या.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न कंपन्यांचा आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरचं स्वतंत्र उच्च न्यायालय गेलं आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. पुढच्याच वर्षी त्या न्यायालयाच्या मुंबईतल्या पीठापुढे टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचं प्रकरण आलं. राजकीय पक्षांना पैसे देता यावेत म्हणून कंपनीला आपल्या नियमावलीत दुरुस्ती करायची होती आणि एका भागधारकाचा त्याला विरोध होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती. मात्र हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, असं बजावून त्यांनी चेंडू संसदेकडे टोलवला. संसदेनं १९६० साली मर्यादा घातली: २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांतली मोठी असेल ती रक्कम. शिवाय कोणाला किती दिलं ते नफा-तोटा पत्रकात दाखवायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी तरतूद होती. ती नऊ वर्षं टिकली.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं बरीच राज्यं गमावली आणि ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाकडे, जनसंघाकडे उद्योगपतींचा पैसा वळताना दिसू लागला. १९६९ साली इंदिरा गांधींच्या सरकारनं कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आणली. कागदावर हे फार नैतिक दिसतं. पण परवाना, कोटा, आयातीचा दाखला हे सगळं सरकारच्याच हातात राहिलं. म्हणजे देण्याची गरज तशीच आणि देण्याचा उघडा रस्ता तेवढा बंद. पैसा सुटकेसमध्ये गेला. ज्यांना चेकनंच द्यायचे होते त्यांच्यासाठी स्मरणिका निघाल्या. पक्षाच्या मेळाव्याची स्मरणिका कोणी वाचत नसे, पण तिच्यातलं पानभर जाहिरातीचं बिल जाहिरात खर्चात बसे.

उमेदवाराच्या खर्चाचंही तेच. पक्षानं केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली सांगितलं. सरकारनं त्याच वर्षी अध्यादेश काढून ते पुसून टाकलं. आज महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाला काहीच नाही.

महाराष्ट्रापुरता या गोष्टीचा खरा धडा १९८१ सालचा. सिमेंटवर नियंत्रण होतं, बाजारात टंचाई होती आणि बिल्डरांना कोटा सरकारकडून मिळे. मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा न्यास काढला होता. साहित्यिक-कलावंतांना मदत, हा त्याचा घोषित हेतू. ऑगस्टमध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी न्यासाला आलेल्या देणग्या आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध मांडला. एका यादीत देणगीदार, दुसऱ्या यादीत सिमेंट मिळालेले बिल्डर. याद्या वेगवेगळ्या वाचल्या तर काहीच दिसत नव्हतं, शेजारी ठेवल्या की दिसत होतं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी हा संबंध मान्य केला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. ही कथा मी थोडी लांबवली, कारण पैसा लपवणाऱ्यांनी तिच्यातून नेमका बोध घेतला असावा, असं मला वाटतं. याद्या असल्या तरी चालतील, त्या जुळता कामा नयेत.

पुढची तीसेक वर्षं डागडुजीची. १९८५ साली बंदी उठली. २००३ साली २० हजारांवरच्या देणगीदारांची नावं निवडणूक आयोगाला कळवणं पक्षांना बंधनकारक झालं, पण १९,९९९ रुपयांच्या कितीही पावत्या फाडायला हरकत राहिली नाही. २०१३ साली कंपन्यांची मर्यादा साडेसात टक्के झाली. त्याच वर्षी केंद्रीय माहिती आयोगानं सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकाराखाली आणलं. आदेश कोणीच मानला नाही, आणि यात सत्ताधारी-विरोधक असा भेद अजिबात नव्हता. आमच्या गल्लीतलं गणेश मंडळ वर्गणीदारांची नावं फळ्यावर लिहितं. शंभर रुपयेवाल्याचंसुद्धा.

मग निवडणूक रोखे आले, म्हणजे पक्षाला देणगी द्यायचे बँकेचे कागद, ज्यांवर देणाऱ्याचं नाव नसे. २०१७ च्या अर्थसंकल्पात घोषणा, २ जानेवारी २०१८ ला अधिसूचना. स्टेट बँकेच्या २९ शाखांमधून एक हजार ते एक कोटीचे रोखे विकत घ्यायचे, पक्षानं ते १५ दिवसांत वटवायचे. महाराष्ट्रासाठी शाखा एकच, मुंबईची मुख्य. नागपूरच्या माणसाला हजाराचा रोखा घ्यायचा तर तिकिटाला वेगळे पैसे. अर्थात योजना हजारवाल्यासाठी नव्हतीच. विकले गेलेले जवळपास सगळे पैसे एक कोटीच्या रोख्यांतले होते. सोबतीनं कंपन्यांची साडेसात टक्क्यांची अट काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीही कितीही देऊ शकत होती. कोणत्या पक्षाला दिले ते ताळेबंदात लिहायची गरज उरली नाही. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग, दोघांनीही आक्षेप घेतले होते.

सरकारचा युक्तिवाद असा की नाव उघड झालं तर दुसरा पक्ष सूड उगवतो, म्हणून लोक रोख देतात. रोख्यामुळे निदान पैसा बँकेतून येईल. यात तथ्य नाही असं नाही. व्यापाऱ्यांच्या चेंबरच्या एखाद्या पदाधिकाऱ्याला खासगीत विचारा, हेच ऐकायला मिळेल. पण एप्रिल २०१८ मध्येच पत्रकार पूनम अगरवाल यांनी दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले. अतिनील प्रकाशात त्यांवर लपवलेला क्रमांक उमटला. बँक सरकारी, तपास यंत्रणा सरकारी. गुपित मग कोणापासून होतं?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी योजना घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द झाली. तोवर ३० फेऱ्यांत सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते. रोखे कोणी घेतले आणि कोणी वटवले, हा न्यायालयानं मागितलेला तपशील द्यायला स्टेट बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली. मधल्या काळात निवडणूक उरकली असती, नागपुरात तर मतदान १९ एप्रिललाच होतं. बँकेचं म्हणणं होतं की घेणाऱ्यांची आणि वटवणाऱ्यांची नोंद वेगळी आहे, जुळवायला वेळ लागेल. पुन्हा त्याच दोन याद्या! न्यायालयानं मुदत नाकारली. १४ मार्चला याद्या प्रसिद्ध झाल्या, पण क्रमांकाविना. तो लपवलेला क्रमांक आणखी एका फटकाऱ्यानंतर २१ मार्चला बाहेर आला, आणि संध्याकाळपासून लोक संगणकावर याद्या जुळवत बसले.

एप्रिल २०१९ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक, सुमारे ६,०६० कोटी, भाजपचे निघाले. तृणमूलचे सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसचे १,४०० कोटींवर. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. सक्तवसुली संचालनालयाची कारवाई ओढवलेल्या या कंपनीचा सर्वाधिक पैसा भाजपकडे गेलेला नव्हता, तो तृणमूल आणि द्रमुककडे गेला होता. ज्याच्या राज्यात धंदा, त्याच्या दारात थैली.

रोखे गेल्यावर मोठ्या देणग्या २०१३ पासूनच्या निवडणूक न्यासांकडे वळल्या. कंपन्या न्यासाला देतात, न्यासानं वर्षभरात ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटायची आणि अहवाल आयोगाला द्यायचा. अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, नावं आणि रकमा खऱ्या असतात, लपवाछपवी काही नसते. एका यादीत कंपन्या, दुसऱ्या यादीत पक्ष. कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाला गेला, तो रकाना अहवालात नसतो.