दगडावरचं बोन्साय: आधी मुळं लपवायची, मग दाखवायची

दगडावर रोप बसवून, दोऱ्याने बांधून ते लगेच उघड्यावर ठेवलं, की बहुधा पहिल्या उन्हाळ्यातच वाळतं. कोवळ्या मुळावर सालीचं जाड कवच नसतं, त्यामुळे उघड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं. म्हणून दगडाला कवटाळणारी मुळं आधी मातीखाली, अंधारात जून व्हावी लागतात.

दगडावरून उतरून खालच्या मातीत शिरणाऱ्या मुळांच्या या शैलीला जपानीत सेकिजोजू म्हणतात. तिथे त्यासाठी तीन टोकांच्या पानांचा मेपल लोकप्रिय आहे. आपल्या हवेत मात्र नांदरूक घ्यावं. वड-पिंपळाच्या गोतातलं हे झाड चिवट, आणि त्याची एकमेकांना चिकटलेली मुळं पुढे जुळून एकजीव होतात.

सुरुवात लांब मुळांपासून. १० सेंमी व्यासाचा, ३० सेंमी लांबीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून दोन्ही फाका तारेने बांधा आणि तळाला जाळी लावा. त्यात भरड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं भरून पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप लावा. साधारण वर्षाने फाका उघडल्या की मुळं न तुटता हाती येतात.

दगड १५ सेंमी उंच, खरबरीत, उभ्या खाचांचा हवा. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट उत्तम. नदीतल्या गुळगुळीत गोट्यावरून मुळं घसरतात. चुनखडीच्या दगडाने माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

पाऊस नीट सुरू झाला की मुळं धुऊन घ्या. खाचांत लाल माती आणि कोकोपीटचा चिकट लगदा भरा. बुंधा दगडाच्या माथ्यावर घट्ट टेकलाच पाहिजे. इथे राहिलेली फट मुळं जाडावल्यावर अधिकच डोळ्यांत भरते आणि झाड काठ्यांवर उभं केल्यासारखं दिसतं. चार ते सहा मुळं खाचांत बसवा, न वाकणारी जाड मुळं काढून टाका. चिकाने खाज सुटते, हातमोजे घाला. मुळांची टोकं दगडाखाली ५ सेंमी तरी लोंबू द्या, कारण मातीपर्यंत न पोचलेलं मूळ दोऱ्यासारखंच राहतं. मग कलमाची प्लास्टिक पट्टी वरून खाली ताणून गुंडाळा, तळ मोकळा ठेवा. तार नको. मूळ फुगलं तरी ती ताणत नाही, उलट रुतते.

आता अख्खा दगड खोल कुंडीत बुंध्यापर्यंत पुरा आणि दोन वर्षं शेंड्याला कात्री लावू नका. हीच गोष्ट सर्वांत जड जाते. पण मुळं जाडावतात ती पानांनी तयार केलेल्या साखरेवर. फांद्या छाटल्या की मुळांचं पोषणच तुटतं. वर्षाने पट्टी एकदा पाहा, रुतत असेल तर कापून सैल गुंडाळा.

तिसऱ्या पावसाळ्यात उघडायला घ्या. जून ते सप्टेंबर, दर महिन्याला वरची २-३ सेंमी माती काढायची आणि तेवढीच पट्टी कापायची. फिकट मूळ हळूहळू तपकिरी, खरबरीत होतं. ते झालं नसेल तर पुढच्या महिन्याची माती काढू नका. दगडाचा खालचा तिसरा हिस्सा मातीतच राहू द्या.

एप्रिल-मेमध्ये काळा दगड तापून मुळं भाजतात. ५० टक्के सावलीची जाळी लावा आणि दगडाच्या पश्चिमेच्या अंगावर ओलं गोणपाट टाका.