यिट्रियम-९० उपचार : रुग्ण आणि नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

आतड्याचा किंवा दुसऱ्या अवयवाचा कॅन्सर यकृतात पसरला आहे, शस्त्रक्रिया शक्य नाही आणि गाठी औषधांना दाद देत नाहीत, अशा वेळी हा उपचार सुचवला जातो. यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले केसाहून बारीक मणी यकृताच्या धमनीतून थेट गाठींपर्यंत पोचवायचे, एवढेच त्याचे स्वरूप. मात्र त्यासाठी दोनदा यावे लागते : आधी तपासणीला, मग उपचाराला. त्यावर जवळपास प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो : दोनदा कशाला बोलावता, एकदाच काय ते उरकून टाका ना?

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. निरोगी भागाचे सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून येते. पसरलेल्या गाठी मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढतात. म्हणून धमनीत सोडलेले मणी मुख्यतः गाठींमध्येच अडकतात. मणी दोन प्रकारचे : काचेचे २० ते ३० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रेझिनचे म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे २० ते ६० मायक्रॉनचे. त्यांतले बीटा किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर आणि जास्तीत जास्त ११ मिलिमीटर जातात. मणी योग्य जागी असतील तर हे अंतर फायद्याचे, चुकीच्या जागी गेले तर तेवढेच घातक. आणि एकदा सोडलेले मणी परत काढता येत नाहीत.

पहिली भेट त्यासाठीच असते. तिला मॅपिंग म्हणतात. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून धमनीच्या एकेका फांदीचे चित्र घेतले जाते. या फांद्या माणसागणिक वेगळ्या असतात. जठराकडे किंवा आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे जाणारी एखादी फांदी वाटेत निघत असेल, तर ती बारीक धातूची कॉइल घालून बंद करतात किंवा कॅथेटर तिच्या पुढे नेतात. हे राहून गेले तर पुढे जठरात व्रण होतो, आणि नेहमीच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी तो सहसा भरत नाही. मग टेक्नेशियम हे सौम्य किरणोत्सारी द्रव्य लावलेले प्रथिनाचे कण सोडून स्कॅन होतो. यकृतातून किती टक्के कण निसटून फुप्फुसांत जातात, ते त्यातून कळते. फुप्फुसांना एका वेळी ३० ग्रे आणि एकूण ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप) ही मर्यादा पाळली जाते. रेझिनच्या मण्यांसाठी कण निसटण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले तर उपचार करत नाहीत. काही जणांना नकार इथेच मिळतो. चाचणी वाया गेली असे त्यांना वाटते. आमच्या मते तिने आपले काम चोख केलेले असते.

मधले एक-दोन आठवडे हिशेबाचे. यकृताचे आणि गाठींचे आकारमान मोजून डोस ठरतो आणि त्या रुग्णासाठी, त्या तारखेसाठी मागवला जातो. यिट्रियमची ताकद दर ६४ तासांनी निम्मी होते. एक दिवस उशीर झाला की सुमारे २३ टक्के गेलीच. त्यामुळे ताप, उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा असे काही दिसले तर त्याच दिवशी फोन करा, उपचाराच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. रक्ततपासणी पुन्हा करावी लागते : बिलिरुबिन (काविळीत वाढणारे रक्तातले पिवळे द्रव्य) दर डेसिलिटरला २ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक वेळा उपचार पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. रक्त पातळ करणारी औषधे, मेटफॉर्मिन, कॅपेसिटाबिन आणि बेव्हॅसिझुमॅब यांपैकी काही चालू असेल तर आधी सांगा. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उपचाराच्या दिवशी सहा तास उपाशी यायचे. मण्यांची कुपी जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत असते. शिसे का नाही, असे बरेच जण विचारतात. बीटा किरण अडवायला साधारण सेंटिमीटरभर प्लास्टिक पुरते. ते थेट शिशावर आदळले तर उलट क्ष-किरण तयार होतात. मणी अगदी सावकाश ढकलतात. रेझिनचे मणी संख्येने कोट्यवधी असतात, त्यामुळे वाहिनी मध्येच भरू शकते. तशा वेळी डॉक्टर थांबतात आणि थोडा डोस कुपीतच उरतो. त्याला अपयश समजू नका. जोर लावला असता तर मणी मागे वळून भलत्या फांदीत गेले असते.

घरी गेल्यावर दोन ते चार आठवडे थकवा, बारीक ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, मळमळ हे अपेक्षित आहे. पोटात तीव्र दुखणे किंवा काळी शौच झाल्यास लगेच या. चौथ्या ते आठव्या आठवड्यात कावीळ किंवा पोटात पाणी दिसले, किंवा कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पहिले काही दिवस गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून हातभर अंतर ठेवा, त्यांच्याजवळ झोपू नका. जेवणाची भांडी वेगळी करायची गरज नाही.

महिन्याभरात केलेल्या स्कॅनमध्ये गाठ सुजून मोठी दिसू शकते. त्यावरून निष्कर्ष काढू नका. तीन महिन्यांचा स्कॅन जास्त विश्वासाचा.

आता अपेक्षांबद्दल. आतड्याच्या कॅन्सरमध्ये पहिल्याच केमोथेरपीसोबत रेझिनचे मणी दिलेल्या तीन चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष २०१७ साली आला. ११०३ रुग्ण होते. यकृतातली वाढ जास्त काळ रोखली गेली, पण एकूण आयुष्य वाढले नाही. दुसऱ्या टप्प्यातील केमोसोबत काचेचे मणी वापरलेली ४२८ रुग्णांची 'इपॉक' चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिथे यकृतातला आजार आटोक्यात राहण्याचा काळ ७.२ वरून ९.१ महिन्यांवर गेला, एकूण आयुष्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणून हा उपचार यकृत सांभाळण्यासाठी आहे, संपूर्ण आजार मुळापासून काढण्यासाठी नाही, हे आम्ही आधीच सांगतो. गाठी मोजक्याच असतील तर बाहेरून नेमका मारा करणारी तीन ते पाच बैठकींची रेडिएशन पद्धत, म्हणजे एसबीआरटी, बरी पडू शकते. तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. एखाद्या चाचणीत सहभागी व्हा असे सुचवले गेले, तर कोणता गट मिळेल हे चिठ्ठीसारखे ठरते का, आणि मधेच बाहेर पडल्यास नेहमीचे उपचार चालू राहतात का, एवढे सही करण्यापूर्वी समजून घ्या.

पहिल्या भेटीला येताना सीटी किंवा एमआरआयची सीडी आणा. नुसता छापील रिपोर्ट आणला तर यकृताचे आकारमान मोजता येत नाही आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो.