क्यूबिट किती, यापेक्षा चूक किती

नवी क्वांटम चिप आली की बातमीत पहिला आकडा क्यूबिटांचा, म्हणजे ० आणि १ यांच्या मिश्रणातही राहू शकणाऱ्या क्वांटम बिटांचा, असतो. त्या आकड्यावरून यंत्राची कुवत कळत नाही. हजार क्यूबिट आहेत, पण दर दोनशे क्रियांमागे एक चुकते, असं यंत्र हजार क्रियांचं गणित सोडवायला बसलं तर उत्तर येईपर्यंत त्यात सरासरी पाच चुका शिरलेल्या असतात. आणि खऱ्या उपयोगाच्या गणितांना अब्जावधी क्रिया लागतात. गेल्या दोन-तीन वर्षांत या क्षेत्रात सर्वांत मोलाचं जे घडलं ते चुका दाबण्याच्या बाबतीत. त्यातला सर्वांत बोलका प्रयोग गूगलच्या ‘विलो’ चिपवरचा, डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला. तो कळायचा तर आधी क्यूबिट चुकतो कसा हे बघायला हवं.

विलोमधला क्यूबिट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं एक अतिवाहक (विजेला मुळीच रोध न करणारं) सर्किट. त्याचा जीव जोसेफसन जोडात असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा, एवढाच हा जोड. साध्या कॉइल-कपॅसिटरच्या सर्किटात ऊर्जेच्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या असतात. त्यामुळे ० वरून १ वर ढकलायला पाठवलेला मायक्रोवेव्हचा स्पंद त्याला २, ३, ४ असा वरवर नेत राहतो. जोडामुळे पायऱ्या असमान होतात. पहिली साधारण ५ गिगाहर्ट्झची असेल तर दुसरी २०० ते ३०० मेगाहर्ट्झने बुटकी. एवढ्या फरकावर सगळी मदार आहे. डोळ्यांना दिसण्याइतक्या मोठ्या विद्युत सर्किटातही अशा पायऱ्या असतात, हे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ च्या प्रयोगांत दाखवलं. त्यासाठी त्यांना २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिप टांगलेली असते डायल्यूशन रेफ्रिजरेटरच्या अगदी तळाच्या तबकडीला, १० ते २० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर. अवकाशाच्या पोकळीचं तापमान २.७ केल्विन, म्हणजे त्याच्याही शंभराव्या हिश्शाखाली. अ‍ॅल्युमिनियम तर १.२ केल्विनलाच अतिवाहक होतं, मग इतकी थंडी कशाला? कारण ५ गिगाहर्ट्झच्या पायरीची ऊर्जा तापमानात मोजली तर जेमतेम ०.२४ केल्विन भरते. एक केल्विनला क्यूबिट आपणहूनच ० आणि १ च्या मध्ये उड्या मारत बसेल. २० मिलिकेल्विनला ही शक्यता हिशेबाने दहा लाखांत सहा इतकी उतरते. प्रत्यक्षात ती बरीच जास्त निघते, कारण वरून येणाऱ्या तारांमधून गोंगाट खाली झिरपतो.

या रेफ्रिजरेटरची युक्ती गमतीची आहे. हीलियम-३ आणि हीलियम-४ यांचं द्रवरूप मिश्रण सुमारे ०.८७ केल्विनखाली नेलं की त्याचे दोन थर पडतात. वर हलकं, जवळजवळ शुद्ध हीलियम-३ आणि खाली मुख्यतः हीलियम-४. पण खालच्या थरात निरपेक्ष शून्याजवळही सहा टक्क्यांहून थोडं जास्त हीलियम-३ विरघळलेलं राहतं. पंपाने खालच्या थरातलं हीलियम-३ ओढत राहिलं की त्याची जागा घ्यायला वरचं हीलियम-३ सीमा ओलांडून खाली उतरतं, आणि उतरताना उष्णता शोषून घेतं. हाइन्झ लंडन यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली, १९६४ मध्ये नेदरलंड्समधल्या लायडनला ती प्रत्यक्षात आली. बिघडतं ते बहुधा क्षुल्लक कारणाने. कुठल्या तरी जोडातून कणभर हवा आत शिरते, अरुंद नळीत गोठते आणि मिश्रणाची वाट बुजवते. मग सगळं यंत्र पुन्हा वर तापवायचं, साफ करायचं आणि परत थंड करायचं. नुसतं थंड करण्यात दोन-एक दिवस सहज जातात.

आता तारा. खोलीच्या तापमानाची तार सरळ चिपला जोडली तर तिच्यातून ५ गिगाहर्ट्झच्या आसपास एकेका लहरीच्या जागी हजाराहून जास्त नकोसे फोटॉन येतील, आणि क्यूबिटला एकही चालत नाही. म्हणून वाटेत सिग्नल क्षीण करणारे अ‍ॅटेन्युएटर बसवतात. नेहमीची मांडणी म्हणजे ४ केल्विनला २० डेसिबल, १०० मिलिकेल्विनला २० आणि तळाला २०. प्रत्येक ठिकाणी शंभरातला एकच भाग पुढे जातो, म्हणजे एकूण दहा लाखांतला एक. तिन्ही एकाच जागी का लावत नाहीत? वरच लावले तर अ‍ॅटेन्युएटर स्वतःच्या तापमानाचा गोंगाट सोडतो. तळाला लावले तर अडवलेली सगळी ऊर्जा तिथेच उष्णता होऊन उतरते. ४ केल्विनच्या तबकडीवर रेफ्रिजरेटर वॅटच्या हिशेबात उष्णता ओढू शकतो, तळाला मात्र मायक्रोवॅटच्या.

इतकं करूनही क्यूबिट चुकतोच. १ वर असलेला क्यूबिट ऊर्जा गमावून ० वर घसरतो. विलोच्या प्रयोगात हा सरासरी काळ सुमारे ६८ मायक्रोसेकंद होता. दुरुस्तीचं एक चक्र १.१ मायक्रोसेकंदाचं, म्हणजे नुसतं गप्प बसलं तरी दर चक्रात १ वरच्या क्यूबिटची घसरण्याची शक्यता दीड टक्क्याहून जास्त. दुसरी चूक कलेची (फेजची): ० आणि १ यांच्या मिश्रणातला आपसातला ताल चुंबकीय किंवा विद्युत गोंगाटाने ढळतो. तिसरी गळतीची: क्यूबिट २ वर चढून बसतो आणि शेजाऱ्यांचाही हिशेब बिघडवतो. चौथी सर्वांत वैतागवाणी. ऑक्साइडच्या थरात किंवा पृष्ठभागावर असलेले सूक्ष्म दोष कधी कधी नेमके क्यूबिटच्याच वारंवारतेवर येतात आणि त्याची ऊर्जा शोषतात. अशा दोषांची वारंवारता तासागणिक सरकते. काल उत्तम चाललेला क्यूबिट आज सकाळी निम्म्या आयुष्याचा झालेला असतो आणि त्याची वारंवारता नव्याने जुळवावी लागते.

साध्या संगणकात चूक पकडायची सोपी वाट म्हणजे प्रती काढणं. एका बिटच्या तीन प्रती ठेवा, एक बिघडली तरी बाकी दोघींचं बहुमत आहे. क्यूबिटला ही वाट बंद आहे. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालं. आणि ‘तू ० आहेस की १?’ असं मोजून विचारलं तर मिश्रण तिथल्या तिथे मोडतं. मग विचारायचं काय? एकेकट्या क्यूबिटची किंमत न विचारता चौघांना मिळून एकच प्रश्न विचारायचा: तुमच्यात १ असलेले सम आहेत की विषम? या उत्तरातून साठवलेली माहिती उघड होत नाही, पण कुणी पालटलं असेल तर ते उघड होतं.

सर्फेस कोड नावाच्या पद्धतीत हेच बुद्धिबळाच्या पटासारखं मांडतात. एकाआड एक माहिती-क्यूबिट आणि तपासनीस-क्यूबिट. निम्मे तपासनीस ०-१ च्या पालटाची चौकशी करतात, निम्मे कलेच्या पालटाची. एक चक्र असं चालतं. तपासनीस ० वर आणायचा. सुमारे २५ नॅनोसेकंदांच्या स्पंदाने त्याला ० आणि १ च्या सममिश्रणात ठेवायचा. मग चारी शेजाऱ्यांशी एकेक करून, प्रत्येकी चाळीस-एक नॅनोसेकंदांत, त्याची गाठ घालायची. पुन्हा एक स्पंद, आणि मग मोजणी. चारांचा क्रम मनाला येईल तसा ठेवून चालत नाही. क्रम चुकला तर तपासनीसाची एक चूक दोन माहिती-क्यूबिटांवर अशा दिशेने पसरते की कोडची निम्मी ताकद वाया जाते. चक्रातला सर्वांत जास्त वेळ मोजणीच खाते, आणि त्या वेळात माहिती-क्यूबिट रिकामे बसतात. बसल्या बसल्या ढळू नयेत म्हणून त्यांना ठरावीक अंतराने उलटे-सुलटे स्पंद देत राहावं लागतं.

तपासनीसाचं उत्तर सम की विषम यापेक्षा ते मागच्या चक्रापेक्षा बदललं का, हे महत्त्वाचं. माहिती-क्यूबिट पालटला तर त्याच्या दोन बाजूंचे दोन तपासनीस एकाच चक्रात बदल दाखवतात. मोजणीच चुकली असेल तर एकच तपासनीस लागोपाठच्या दोन चक्रांत दोनदा बदलतो: एकदा चुकताना, एकदा सुधारताना. म्हणजे जागेत जोडी दिसली तर क्यूबिटचा दोष, काळात जोडी दिसली तर मोजणीचा. डीकोडर नावाचा प्रोग्राम बदल दाखवणाऱ्या या ठिपक्यांच्या सर्वांत संभवनीय जोड्या लावतो. त्याला घाई असते, कारण चिप दर १.१ मायक्रोसेकंदाला नवे ठिपके ओतते. तो मागे पडला तर तुंबारा वाढतच जातो. याच प्रयोगात ५ अंतराच्या कोडवर (अंतर म्हणजे काय ते पुढे येतंय) डीकोडर चिपच्या वेगाने चालवून दाखवला, सरासरी ६३ मायक्रोसेकंद मागे राहून. (चूक सापडली की लगेच क्यूबिटला स्पंद देऊन सुधारतात, असा समज असतो. तसं सहसा करत नाहीत. कुठे पालट झाला याची नोंद ठेवतात आणि शेवटी उत्तर त्याप्रमाणे वाचतात. नवा स्पंद म्हणजे नवी चूक ओढवून घेणं.)

आता ‘अंतर’ म्हणजे काय ते. ३ अंतराच्या पटावर ९ माहिती-क्यूबिट आणि ८ तपासनीस, आणि एक चूक पचते. ५ अंतराला २५ आणि २४, दोन चुका. ७ ला ४९ आणि ४८, तीन चुका. सगळा पट मिळून एकच तार्किक क्यूबिट. पट वाढवला की चुका पचवायची ताकद वाढते खरी, पण चुकणारी माणसंही वाढतात. क्रियांची चूक ढोबळपणे एक टक्क्याच्या उंबरठ्यावर असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्याखाली गेलं तरच पट वाढवण्यात फायदा. २०२३ मध्ये गूगलच्याच आधीच्या चिपवर ३ अंतराला दर चक्रात ३.०२८ टक्के चूक होती, ५ अंतराला २.९१४. बत्तीस क्यूबिट जास्त वापरून एवढीशी सुधारणा. विलोवर मात्र अंतर दोनने वाढवलं की दर वेळी चूक २.१४ पटीने घटली, आणि ७ अंतराला ती ०.१४३ टक्क्यावर आली. या तार्किक क्यूबिटचं आयुष्य त्यातल्या सर्वांत चांगल्या एकट्या क्यूबिटच्या २.४ पट भरलं. चुकणाऱ्यांची टोळी तिच्यातल्या सर्वांत भरवशाच्या गड्यापेक्षा भरवशाची ठरली. चिपवरच्या १०५ क्यूबिटांचा गवगवा झाला, पण खरी बातमी २.१४ ही होती.

याच वेगाने चूक दर चक्रात दहा लाखांत एक इतकी खाली आणायची तर अंतर २७ लागेल, म्हणजे १४५७ क्यूबिट. आणि हे एका तार्किक क्यूबिटसाठी. खर्च कमी करणारे कोड आहेत. २०२४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेल्या एका कोडमध्ये २८८ क्यूबिटांत १२ तार्किक क्यूबिट बसतात. पण तिथे क्यूबिटला शेजाऱ्यांपलीकडे लांबच्यांशीही जोडावं लागतं, आणि सपाट चिपवर तारा एकमेकींना ओलांडत नेणं हे वेगळंच दुखणं.

दुसरी अडचण विश्वकिरणांची. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन, म्हणजे विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारा कण, येऊन आदळतो. चिपच्या सिलिकॉनमधून तो गेला की कंपनांची लाट पसरते, अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या मोडते आणि एकाच वेळी कित्येक क्यूबिट ० कडे कोसळतात. डीकोडर विखुरलेल्या चुका पचवतो, अशी रांगच्या रांग नाही. २६ क्यूबिटांवरच्या २०२२ च्या एका अभ्यासात असा तडाखा दर दहा सेकंदांनी बसत होता. जोडाच्या दोन बाजूंच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरांची जाडी बदलून त्यांच्या ऊर्जेत फरक ठेवला की मोडक्या जोड्यांतले इलेक्ट्रॉन जोड ओलांडू शकत नाहीत आणि तडाखा बोथट होतो. विलोच्या पिढीत हा उपाय होता. तरीही फक्त एकाच प्रकारची चूक पकडणारा २९ अंतराचा साधा कोड तासन्‌तास चालवला तेव्हा तासाला सुमारे एक सामूहिक तडाखा उरलाच.

तासाला एक हे थोडं वाटतं, पण इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं आरएसए-२०४८ हे सांकेतिक कुलूप फोडण्याच्या हिशेबाशी ते ताडून बघा. २०१९ च्या अंदाजात त्याला दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागत होते. मे २०२५ च्या सुधारित अंदाजात दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. (त्याला तोंड देणाऱ्या नव्या सांकेतिक पद्धतींचे पहिले मानक अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केले.) मे २०२५ च्या त्या अंदाजात क्रियांची चूक ०.१ टक्का, चक्र एक मायक्रोसेकंदाचं आणि नियंत्रणाचा प्रतिसाद १० मायक्रोसेकंदांत धरलेला आहे. चक्र जवळपास जमलंय. प्रतिसाद ६३ वरून १० वर आणायचाय. आणि आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला प्रत्येक तडाखा दहा लाख क्यूबिटांच्या यंत्राने गणित न थांबवता पचवायचाय.