गाडीची उंची नकाशाला कोण सांगणार? फोन की जीपीएसचा डबा, या भांडणामागची गोष्ट

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच भांडण चालू आहे आणि ते नीट कळायचं तर बरंच मागे जावं लागतं, म्हणून हे लिहायला बसलो. झालं असं की माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, एक सेकंडहँड ट्रॅव्हलर मिनीबस घेतली आणि तिची कॅरव्हॅन करून घेतली. इंदूरमध्ये हे काम तसं सोपं, ट्रॅव्हलर बनते इथे शेजारी पीथमपूरला, त्यामुळे तिचा प्रत्येक नटबोल्ट ओळखणारे मिस्त्री सहज सापडतात. आत दोन बर्थ, छोटा ओटा, गॅस, आणि छतावर एसी. बेत असा की आधी महेश्वर-मांडू करून गाडीचा अंदाज घ्यायचा, मग कच्छ, आणि सगळं जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात स्पिती. यावर अमेरिकेत ओहायोतली आमची चुलत बहीण, जी तिकडे दरवर्षी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, भाड्याने घेऊन फिरते, तिने लिहिलं की बाबा रे, वेगळा आरव्हीचा जीपीएस घे, काचेला चिकटवायचा डबा येतो तो, फोनच्या भरवशावर मोठी गाडी काढू नको. मेहुण्याचं उत्तर, ताई, खिशात एवढा महागडा फोन असताना अजून तेवढेच पैसे डब्यात कशाला घालू. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलतायत.

आधी एक गैरसमज. ग्रुपवर निम्म्या लोकांना वाटतं की डब्यातला जीपीएस ‘खरा’ आणि फोनमधला टॉवरवरून चालणारा, म्हणजे नेटवर्क गेलं की तो आंधळा. तसं नाहीये. दोघंही त्याच उपग्रहांचं ऐकतात, जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटरवर फिरणाऱ्या. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ, तो सतत वेळ आणि आपली जागा सांगत असतो, आणि निदान चार उपग्रहांचा सिग्नल पोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर आपण कुठे आहोत ते काढतो. यात मोबाईलच्या टॉवरचा संबंध एवढाच की तो सुरुवातीला मदत करतो. उपग्रहांचा कच्चा डेटा सेकंदाला ५० बिट्स इतक्या संथ गतीने येतो, पूर्ण यादी उतरायला साडेबारा मिनिटं, म्हणून जुने डबे फाटकाबाहेर गाडी उभी करून ‘सॅटेलाईट पकडत’ बसायचे आणि फोन मात्र तीच माहिती इंटरनेटवरून आधीच घेऊन बसलेला असतो. नेटवर्क गेलं तर फोनचं ठिकाण जात नाही, नकाशा जातो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या विषयात बोलायचा आपल्या माळव्याला थोडा जास्तच हक्क आहे असं मला नेहमी वाटतं. सूर्यसिद्धांतातली शून्य रेखा अवंतीवरून, म्हणजे आपल्या पंचावन्न किलोमीटरवरच्या उज्जैनवरून जाते, ग्रीनिचचं नाव कुणी घेत नव्हतं तेव्हापासून. आणि इंग्रजांनी हिंदुस्थान मोजायला घेतला तेव्हा जॉर्ज एव्हरेस्ट या सर्व्हेअरने १८२० च्या दशकात पायारेषा, म्हणजे सगळ्या मोजणीचा आधार असलेली रेषा, मोजली ती विदिशा जिल्ह्यातल्या सिरोंजला, त्याच भागातलं कल्याणपूर हे आपल्या जुन्या सर्व्हे नकाशांचं मूळ स्थान. आजही त्या जुन्या सर्व्हे नकाशांवरचे अक्षांश-रेखांश सरळ जीपीएसमध्ये टाकले तर ठिकाण बरंच सरकतं, कारण त्या दोघांनी पृथ्वीचा आकारच वेगळा धरलाय. असो, विषयांतर झालं.

तर उपग्रहांची गोष्ट. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत त्याचं बीप-बीप ऐकताना लोकांच्या लक्षात आलं की आवाजाच्या बदलणाऱ्या पट्टीवरून उपग्रह कुठे आहे ते काढता येतं, मग उलटंही करता येईलच की, उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल तर आपण कुठे आहोत ते कळेल. त्यातून नौदलासाठी ट्रान्झिट नावाची उपग्रह यंत्रणा आली आणि १९७३ मध्ये जीपीएसचा कार्यक्रम ठरला, १९७८ मध्ये पहिला उपग्रह गेला. सगळं लष्कराचं. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कोरियन एअरलाइन्सचं विमान रस्ता चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं की ही यंत्रणा सामान्यांनाही मिळेल. मिळाली, पण मुद्दाम बिघडवून. सामान्यांच्या सिग्नलमध्ये चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंत. शंभर मीटर म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून डबा म्हणणार तुम्ही सराफ्यात आहात. समुद्रात ठीक आहे हो, पण डावीकडे कोणत्या गल्लीत वळू हे कसं सांगणार. ती चूक बंद झाली मे २००० मध्ये, क्लिंटनच्या हुकमाने, एका रात्रीत. मला वाटतं गाडीतल्या जीपीएसचा खरा वाढदिवस तोच.

त्याआधी लोकांनी खटपटी काही कमी केल्या नव्हत्या. होंडाने १९८१ मध्ये उपग्रहाशिवाय चालणारं यंत्र आणलं, गाडीचं वळण ओळखणाऱ्या जायरोस्कोपवर. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात इटॅक नावाचं गाडीतलं यंत्र आलं, त्याचे नकाशे कॅसेटवर, म्हणजे शहराच्या एका भागातून दुसऱ्यात गेलं की कॅसेट बदला. १९८९ मध्ये मॅगेलनचं हातात धरायचं जीपीएस निघालं, किंमत ३,००० डॉलर. त्याच वर्षी गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांनी कंपनी काढली, गॅरी अधिक मिन म्हणजे गार्मिन. १९९८ मध्ये त्यांचा स्ट्रीटपायलट, २००४ मध्ये टॉमटॉमचा गो, २००५ मध्ये गार्मिनचा नूवी, हे सगळे गाडीतले डबे, आणि मग चार-पाच वर्षं नुसती चांदी. तिकडून येणारा प्रत्येक नातेवाईक त्या काळी काचेला चिकटवलेल्या डब्याचं कौतुक सांगायचा, बाईच्या आवाजात बोलतो म्हणून.

मग २८ ऑक्टोबर २००९. गूगलने अँड्रॉइडवर वळणावळणाचं नॅव्हिगेशन फुकट देऊन टाकलं आणि गार्मिन, टॉमटॉम दोघांचे शेअर त्याच दिवशी धाडकन आपटले. त्याच वर्षी टॉमटॉम आयफोनवर आपलं ॲप ९९ डॉलरला विकत होती, नोकियाने त्याआधी नकाशांची कंपनी नॅव्हटेक आठ अब्ज डॉलरला घेतली होती, सगळ्यांचे हिशेब कोसळले. पण नुसतं फुकट हे कारण धरू नका. डब्याचा नकाशा ज्या दिवशी भरला त्या दिवशीचा, पुढे अपडेटला पैसे, कंटाळा, म्हणून चार वर्षांपूर्वीचा बायपास त्याला माहीतच नसायचा. फोन मात्र बाकीच्या लाखो फोनच्या हालचालींवरून जाम कुठे आहे ते सांगतो, हे एकट्या डब्याला कधीच जमणार नव्हतं. साध्या कारवाल्यांसाठी तिथेच निकाल लागला.

आता यात आरव्हीवाले का अडकून बसले? कारण त्यांचा प्रश्न ‘मी कुठे आहे’ हा कधी नव्हताच, त्यांचा प्रश्न ‘माझी गाडी इथून जाईल का’ हा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या आरव्ही तेरा फुटांच्या आसपास उंच असतात. न्यूयॉर्कजवळचे जुने पार्कवे घ्या, फक्त कारसाठी बांधलेले, वर दगडी कमानींचे बुटके पूल. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमचा एक रेल्वे पूल तर जगप्रसिद्ध आहे, ११ फूट ८ इंच उंची, समोर कॅमेरा लावून कुणीतरी वर्षानुवर्षं ट्रकांची टपरं सोलली जाताना व्हिडिओ काढलेत, त्यात भाड्याने घेतलेल्या गाड्याच जास्त, कारण भाड्याच्या गाडीची उंची चालवणाऱ्याला माहीत नसते. २०१९ मध्ये तो पूल आठ इंच उचलला, तरी गाड्या आदळतातच. शिवाय गॅस. बाल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनचे सिलिंडर घेऊन आरव्ही नेता येत नाही, आणि स्वयंपाकाला प्रोपेन तर बहुतेक आरव्हींत. ट्रकवाल्यांसाठी ही सगळी माहिती, म्हणजे पुलाची उंची, रस्त्याची वजनमर्यादा, बंदी असलेले बोगदे, नकाशात आधीच गोळा होत होती कारण तिथे पैसा होता. गार्मिनने २०१० मध्ये ट्रकचा डबा काढला, आरव्हीचा डबा त्याचाच धाकटा भाऊ. गाडीची उंची, लांबी, रुंदी, वजन आणि गॅस आहे की नाही हे एकदा भरायचं, मग तो त्याप्रमाणे रस्ता काढतो. गूगल मॅप्सला तुमची गाडी अल्टो आहे की चाळीस फुटी घर आहे ते सांगायची सोयच नाही. आता फोनवरही सिजिक, को-पायलट यांच्यासारखी पैसे भरून घ्यायची ॲप्स आहेत ज्यांत हे सगळं भरता येतं, त्यामुळे ‘फोन की डबा’ हा प्रश्न तिकडेही थोडा शिळाच झालाय, खरा प्रश्न नकाशात काय भरलंय हा. म्हणून बहीण म्हणते ते तिच्या रस्त्यांवर शंभर टक्के खरं.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने आली. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासूनची, पण चांगले नकाशे सामान्य माणसाच्या हातात पडूच नयेत अशी व्यवस्था. आमच्या लहानपणी एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याने, मुंबईला निघायचं म्हणजे टीटीके कंपनीचा छापील नकाशा, मैलाचे दगड आणि सेंधव्याच्या अलीकडे एखाद्या ढाब्यावर ‘भिया, बिजासन घाट चालू है क्या’ हा प्रश्न. मॅपमायइंडिया ही नकाशांची कंपनी १९९५ मध्ये सुरू झाली, नंतर त्यांचेही गाडीतले डबे आले, पण ते इथे रुजायच्या आतच फोन आला. नकाशांचं धोरण २००५ मध्ये जरा सैल झालं, खरं मोकळं झालं फेब्रुवारी २०२१ मध्ये. गूगलला तर इथे रस्ता सांगायची पद्धतच बदलावी लागली, २००९ मध्ये त्यांनी भारतात खुणांवरून दिशा सांगायला सुरुवात केली, पेट्रोल पंपानंतर उजवीकडे वगैरे, कारण इथे रस्त्याचं नाव कुणाला माहीत असतं? इंदुरात छप्पन दुकान विचारा, लगेच सांगतील.

आणि उंची? ती आपल्या नकाशांत धड कुणी भरलेलीच नाही, मग तुम्ही डबा घ्या नाहीतर फोन. वर गेल्या काही वर्षांत हे प्रकरण वाढलंय. रेल्वेने ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत सगळी काढून टाकली, फार चांगलं काम, किती जीव वाचले असतील, पण त्यातल्या कितीतरी ठिकाणी खालून छोटे भुयारी रस्ते केले, त्यांचं सरकारी नावच ‘लिमिटेड हाईट सबवे’. तोंडाशी लोखंडी आडवी कमान, हाईट गेज, आणि पावसाळ्यात आत तळं. कारचा नकाशा त्याला सरळ रस्ता समजतो, आणि कारसाठी तो असतोच. मेहुण्याच्या पहिल्याच फेरीत आम्ही अशाच एका पुलियासमोर उभे होतो, फोनमधली बाई शांतपणे ‘सरळ जा’ म्हणतेय, वर एसी आणि ती कमान यांत चार बोटं अंतर दिसतंय की नाही यावर गाडीत दोन पक्ष, आणि मागे ऊस भरलेली ट्रॉली हॉर्न देतेय. शेवटी वहिनींनी उतरून ट्रॉलीवाल्याला मागे घ्यायला लावलं आणि त्यानेच सांगितलं की तीन किलोमीटर पुढे मोठं फाटक आहे, सगळे ट्रक तिकडून जातात. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली गेली आणि तिघं गेले, तेव्हाही नकाशा रस्ता पूर्ण दाखवत होता असंच समोर आलं. त्या बातमीनंतर आमच्याकडे रात्री अनोळखी रस्ता घ्यायचा नाही असा नियम झालाय.

मग डब्याचं इथे काहीच काम नाही का? आहे, पण दुसरंच. मे महिन्यात इथल्या उन्हात काचेला लावलेला फोन तापतो, स्क्रीन अंधारते, चार्जिंग थांबतं. ॲपलने स्वतःच वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा सांगितलीय, म्हणजे आपल्याकडे तो फोन मार्चपासूनच सुट्टीवर. डबा त्या उन्हासाठीच बनवलेला असतो. स्पितीत दिवसचे दिवस नेटवर्क नाही, तिथेही डब्यातला नकाशा डब्यातच असतो, पण गूगलने २०१५ च्या शेवटी नकाशा उतरवून नेटशिवाय चालवायची सोय दिली, तेव्हा वायफायवर आधी उतरवून घेतला तर फोनही तिथे चालतो. फक्त एक सांगून ठेवतो, बहिणीने ‘तोच घे, एसओएसपण होतं’ म्हणून जे उपग्रहावर मेसेज पाठवणारं मॉडेल सुचवलंय, तसलं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर परदेशी पाहुणे त्यापायी अटकही झालेत. नुसता ऐकणारा जीपीएस चालतो, बोलणारा नाही.

आपला नाविकही आहे, भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, त्यानंतर काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, आणि आता नव्या फोनांत तो सिग्नल येऊ लागलाय. पण पुलियाची उंची त्यालाही माहीत नाही.

सध्या ग्रुपवर तह झालाय तो असा: फोन दोन, एक एसीच्या झोतासमोर, दुसरा बंद ठेवून, दोन्हीत नकाशे उतरवलेले, डबा स्पितीच्या आधी बघू. आणि मेहुण्याने काल पेंटरकडून डॅशबोर्डवर गाडीची उंची लिहून घेतली, एसीसकट, ९ फूट ११ इंच. फोटो टाकल्या टाकल्या बहिणीने विचारलं, अरे पण तुमच्याकडे पुलावर मीटरमध्ये लिहितात ना? आज पेंटर परत आलाय, खाली ३.०२ मीटर लिहायला, आणि पन्नास रुपये वेगळे मागतोय.