गोतसभा आणि ग्रामसभा

गावाच्या प्रश्नावर संबंधित सगळ्यांना एका जागी बसवून, सर्वांसमक्ष बोलून निर्णय करण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत म्हणजे गोतसभा. आजच्या कायद्यातील तिची जागा ग्रामसभेने घेतली आहे. दोन्हींत थेट वारसा नाही, कारण गोतसभा मुख्यतः वतनाचे, म्हणजे पिढीजात हक्काचे, तंटे तोडणारी न्यायसभा होती आणि ग्रामसभा ही मतदारांची सभा आहे. तरी चावडीपुढे जमणे, हजर असलेल्यांची नावे आधी लिहिणे, मत मोजण्यापेक्षा ‘सर्वानुमते’ म्हणणे या सवयी जुन्याच. त्यांतल्या काही आजच्या सभेच्या कामी येतात, तर काही तिच्या आड येतात.

गोतसभेची रीत. ‘गोत’ म्हणजे केवळ भाऊबंद नव्हेत. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे असे सगळे वतनदार त्यात येत. सरकारचे अधिकारी बसले की सभेला राजसत्तेचे बळ मिळे. पाटीलकी कोणाची, शीव कुठून जाते, मानपानात पुढे कोण, असे वाद तिच्यापुढे येत. दावा सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. सुरुवातीलाच दोघांकडून राजीनामा घेत. आजच्या अर्थाने नव्हे, तर ‘सभा सांगेल ते मान्य’ असा लेखी कबुलीजबाब म्हणून. त्यासोबत जामीन. मग दोघांच्या तकरिरी (आपापल्या बाजूची निवेदने), साक्षी, जुने कागद. शिवेच्या वादात महाराची साक्ष वजनदार ठरे, कारण सीमेची खूण त्याला ठाऊक असे. स्थानिक सभा पक्षपाती वाटली तर वादी दुसरे थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागू शके. पुरावा तोकडा पडला तर दिव्य करावे लागे, म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हाताला इजा झाली का ते पाहायचे. विचारविनिमय जिथे थांबे तिथे दिव्य सुरू होई. ही या पद्धतीची सर्वांत दुबळी बाजू.

निर्णयाचा कागद तो महजर. वरच्या भागात हाजिर मजालस, म्हणजे कोण कोण बसले होते त्यांची यादी, मग वादाची हकीकत आणि शेवटी निवाडा. लिहिता न येणाऱ्याची निशाणी त्याच्या कामाच्या हत्याराची असे. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, सुताराची पटाशी अशी ती चित्रे असत. कागद लांबत जाई तसे तुकडे चिकटवत, आणि मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून जोडावर शिक्के मारत. हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत, म्हणजे ‘माझा दावा खोटा, पुन्हा भांडणार नाही’. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी हे पैसे सरकार वसूल करी. सरकार जिंकणाऱ्याकडूनही घेत असल्याने निवाडा स्वस्त नव्हता.

या सभेत बहुमत मोजत नसत. हरणाऱ्यानेही सही करावी इथवर बोलणे चाले. त्याला वेळ लागे, दबावही येई, पण एकदा यजितखत झाले की वाद पुन्हा उकरून काढणे अवघड होई. हे सगळे वतनदारांचे होते, हे मात्र विसरता येत नाही. ज्याला वतन नाही त्याला गोतात बसण्याचा हक्क नव्हता, आणि बसणाऱ्यांतही पायरी ठरलेली होती.

इंग्रजी अमलापासून घटनेपर्यंत. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांचा दख्खनचा आयुक्त माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 च्या अहवालात पंचायतीची दखल घेतली आणि दिवाणी वादांसाठी ती चालू ठेवू पाहिली. तिचे दोषही त्याने टिपले. पंचांना बोलावून आणण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे काम रेंगाळे. पुढे कोर्टे आली आणि पंचायत मागे पडली. 1920 च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याने ती परत आली, पण आता ती दिवाबत्ती आणि झाडलोट पाहणारी संस्था होती.

घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे घर आहे, असे स्पष्ट सांगितले. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचे कलम (आजचे कलम 40) घटनेत आले. जुन्या सभेचे गोडवे गाताना आंबेडकरांचा आक्षेप बाजूला ठेवता येत नाही, कारण आजच्या ग्रामसभेतले मतदारयादी, आरक्षण आणि महिलांची वेगळी सभा हे भाग त्याच आक्षेपाला उत्तर देतात. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली.

आजची सभा कशी चालते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 7 नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. प्रथेने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा रूढ झाल्या. पुरेशा कारणाशिवाय दोन सभा चुकवणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. नोटीस सात दिवस आधी लागते आणि दवंडी दिली जाते. नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. सचिव म्हणून इतिवृत्त ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) लिहितो.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आहे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. 600 मतदारांच्या गावात 90 माणसे लागतात. 2,000 च्या गावात 100, म्हणजे पाच टक्के. 8,000 च्या गावातही 100 च, म्हणजे सव्वा टक्का. गाव जितके मोठे तितका सभेचा दावा पोकळ. त्यातून तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पहिली सभा माणसे नाहीत म्हणून तहकूब करायची आणि दुसरीत वीस-पंचवीस जणांत विषय उरकायचे, ही युक्ती त्यामुळेच चालते.

बाकीच्या खोडी गावागावांत सारख्याच. नोटीस फक्त कार्यालयाच्या फळ्यावर लागते. हजेरीवही सभा संपल्यावर घरोघर फिरते. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ‘आयत्या वेळी येणारे विषय’ यात येते. इतिवृत्त चार दिवसांनी लिहिले जाते आणि त्यात सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच असते, कोण काय बोलले ते नसते. महजराच्या जोडावर शिक्का मारणाऱ्यांना कागद मागाहून बदलण्याचा हा धोका माहीत होता. त्याला उपाय साधा आहे. सह्या सभा सुरू होताना घ्यायच्या, ठराव जागीच लिहून मोठ्याने वाचायचा आणि शेवटच्या ओळीखाली रेघ मारायची, म्हणजे नंतर काही घुसवता येत नाही. विरोध असेल तर नावासह नोंदवायला लावायचा.

सर्वसहमतीची दुसरी वाट. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात निर्णय मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने होतात. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळी ठेवली आहेत. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, वाद घालायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे, पण ठराव करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही एकाचा विरोध असला तर पुढे ढकलून. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे हीच सवय होती. वस्ती लहान असल्याने ती साधते, हेही खरे. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने (1996) पाड्याची वेगळी ग्रामसभा मानली, ते याच कारणासाठी महत्त्वाचे.

गोव्यातील गांवकरी (कोमुनिदाद), म्हणजे गावची जमीन गांवकरांनी सामाईक सांभाळण्याची रीत, ही आणखी जुनी व्यवस्था. तिचे रिवाज पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात (सनदेत) नोंदले. पण हक्क गांवकरांच्या वंशजांपुरता राहिल्याने ती आज जमिनीची संस्था आहे, गावाची नव्हे.

विकृती आणि दुरुस्ती. जुन्या सभेचे सर्वांत कडू रूप जातपंचायत. दंड आणि वाळीत टाकणे याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो 2017 पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याउलट 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेने समेटाची रीत कायद्याच्या चौकटीत घेतली. समिती ग्रामसभा निवडते आणि ती तडजोड करून देते, शिक्षा करीत नाही.

गुप्त मतदान गोतसभेला ठाऊक नव्हते, आणि दारूबंदीच्या वेळी नेमके तेच लागते, कारण सगळ्यांसमोर नवऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या विरुद्ध हात वर करणे बाईला जड जाते. गावातील 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. नांगराच्या निशाणीसारखेच हे चित्र अक्षर न येणारीलाही कळते. अडते ते मोजणीत. आडव्या बाटलीला मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या महिलांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. त्यामुळे ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन गाव सोडलेली, वारलेली पण नाव न कमी झालेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने धरली जाते. म्हणून बाटली आडवी करायला निघालेल्या महिला आधी तहसीलमध्ये जाऊन मतदारयादी दुरुस्त करून घेतात.