जुन्या कूपेला दुसरं इंजिन बसवायचंय? नागपुरात अर्ज नेमका कुठे अडतो

गाडी पंधरा-वीस वर्षांची, दोन दाराची, बॉडी अजून शाबूत; इंजिन मात्र निळा धूर सोडतंय. मग कुणीतरी सुचवतं की मुंबई-दिल्लीच्या बाजारातून हाफ-कट (म्हणजे कापलेल्या गाडीचा इंजिनासकट पुढचा भाग) आण, टर्बोवालं इंजिन टाक आणि रविवारी पहाटे रामटेकला एक फेरी मार. इच्छा चांगली आहे. पण आपल्याकडे बहुतेक जण इंजिन विकत घेतात, गॅरेजवाल्याला अॅडव्हान्स देतात, माउंटिंग वेल्ड करून घेतात आणि मग आरटीओचा विचार करतात. अर्ज नामंजूर होतो तेव्हा पैसा परत येत नाही. म्हणून भाऊ, आधी कागद, मग पाना.

परवानगी कशाची मिळते, हे आधी समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन टाकणं हा मंजुरी मिळू शकणारा अर्ज आहे. १६०० सीसीच्या जागी दुसऱ्या कंपनीचं दोन लिटर टर्बो टाकणं हा तसा अर्ज नाही. कितीही चांगलं वेल्डिंग असो, कितीही ओळख असो. एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर तो काय करून देणार आहे, ते लेखी मागा. इंधन बदलासाठी कायद्यात वेगळी वाट आहे, पण ती मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किटसाठी आहे. ताकद वाढवायला तिचा उपयोग नाही.

याच कलमातली एक ओळ लोक अर्धवट वाचतात. त्याच प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, पण ती निदान दहा परिवहन वाहनं असणाऱ्या मालकांसाठी, म्हणजे ट्रॅव्हल्स-ट्रकवाल्यांसाठी. दारातल्या एकट्या कूपेला ती लागू होत नाही. दुसरा गैरसमज चौदा दिवसांचा. ‘आधी बदल करायचा, चौदा दिवसांत कळवलं की झालं’ असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते चौदा दिवस बदलाची आरसीवर नोंद करून घेण्यासाठी आहेत. जो बदल मुळात बसतच नाही, तो चौथ्या दिवशी कळवला तरी बसत नाही. विनापरवाना बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मोठंच इंजिन हवं असेल तर प्रामाणिक मार्ग एक आहे: गाडी फक्त रेसिंग ट्रॅकसाठी ठेवायची आणि कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्यायची. नागपूरहून हे लांब आणि खर्चिक आहे, मान्य. पण गाडी ट्रॅकची आहे म्हणून ती वर्धा रोडवर चालवता येत नाही.

आता तुमच्या गाडीचे कागद. शहरात एमएच-३१, पूर्व नागपूरला एमएच-४९ आणि ग्रामीणला एमएच-४०. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीच्या कार्यालयात जातो, नंबर प्लेटवर काय आहे ते बघून नाही. नंबर ३१ चा म्हणून गिरीपेठेत चकरा मारणारे आणि राहायला मात्र पूर्वेकडे, असे बरेच असतात. पत्ता बदलला असेल तर तो आधी आरसीवर बदलून घ्या. त्याची मुदत तीस दिवसांची असते. गाडी परराज्यातून आणली असेल तर तिथली एनओसी, इथली नोंदणी आणि तुमच्या नावावर हस्तांतरण हे सगळं इंजिनाच्या आधी. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नूतनीकरणही आधी. त्याचा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो, आणि मुदत टळली तर दर महिन्याला उशिराचं शुल्क चढत जातं. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती घ्या. पीयूसी, विमा, एचएसआरपी, थकलेली चलानं याबद्दल वेगळं सांगायला नको. आणि गाडी पन्नाशीच्या जवळ असेल तर थांबा! विंटेज नोंदणीसाठी ती मूळ रूपात लागते. आज इंजिन बदललंत तर तो दरवाजा बंद.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते विकत आणलेल्या जुन्या इंजिनाच्या जन्मदाखल्यावर, म्हणजे ते आलं कुठून याच्या कागदावर. हाफ-कटवाला देतो ती कच्ची चिठ्ठी. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना इंजिन नंबर. ती चालत नाही. पक्कं बिल हवं आणि त्यावर इंजिन नंबर आकड्याला आकडा जुळायला हवा. इंजिन परदेशातून आलं असेल तर कस्टमचं बिल ऑफ एंट्री लागतं. जुना वापरलेला माल आयात करायला परदेशी व्यापार धोरणानुसार परवाना लागतो, त्यामुळे बाजारातल्या पुष्कळ इंजिनांमागे हा कागद मुळातच नसतो. विक्रेता ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर पैसेही नंतरच द्या. इंजिन देशातल्याच गाडीतून काढलं असेल तर त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा, नाहीतर तोच नंबर दुसऱ्याच्या चालू आरसीवर दिसेल. ते चोरीचं आहे का, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ सेवेत इंजिन नंबर टाकून पाहता येतं. हे पैसे देण्याआधी करा. इतक्या कागदांची सलग यादी कायद्यात एका जागी दिलेली नाही, याची चीड येते. माणूस एक कागद घेऊन जातो आणि दुसऱ्यासाठी परत येतो. म्हणून अर्जाआधीच काय काय लागेल ते कार्यालयाला लेखी विचारा आणि पोच घ्या.

इंजिन ब्लॉकवर नंबर कुठे कोरलाय ते बसवण्याआधी शोधा. गंज घासताना ग्राइंडर लावू नका. आकडा पुसट झाला की खाडाखोडीचा संशय येतो, आणि तो खोडून काढणं फार अवघड. फोटो आणि पेन्सिलची छाप आताच घेऊन ठेवा. एकदा टर्बो, हीट शील्ड आणि वायरिंग बसलं की कित्येक गाड्यांत तिथे निरीक्षकाची नजरच पोचत नाही.

बाकीचं सोपं आहे. परिवहनच्या पोर्टलवर फेरबदलाचा अर्ज, शुल्क, मंजुरी, मग गॅरेजचं काम, मग गाडी तपासणीला, मग नवी आरसी.

नवी आरसी हातात आली की त्याच दिवशी विमा कंपनीला नवा इंजिन नंबर कळवा आणि पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. जुन्या नंबरच्या पॉलिसीवर अपघात झाला तर दाव्यावर वाद ठरलेला. दुरुस्तीचं पत्र येईपर्यंत रामटेकचा रविवार पुढे ढकला.